पाकळी सुकण्याआधी

२८ मार्च

तिसऱ्यांदा तेच आलं. तिसऱ्यांदा! आउकेने आलेखाचा कागद माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाला, "घ्या बाईसाहेब, तुमचं आम्ल. आता तरी काहीतरी खा, सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालतेयस." आउके आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातलं रेणू तोलायचं यंत्र सांभाळतो. उंच, लालबुंद आणि तोंडाळ. पण त्याचं यंत्र खोटं बोलत नाही.

काल आई फोनवर म्हणाली, "चार वर्षं झाली गं योरीन, अजून पिटुनियाच? आमच्या बाल्कनीत तर आपोआप येतात." मग तिला समजावत बसले. समजावताना माझं मलाच बरं वाटलं, म्हणून इथेही लिहून ठेवते. फुलाच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, तेलकट कणांचा, म्हणजे मेदाचा. आतलं पाणी तोच धरून ठेवतो. पडदा शाबूत आहे तोवर पाकळी ताठ, तो गळायला लागला की फूल मान टाकतं. लोकांना वाटतं, फूल म्हातारं होतं आणि मग पडदा फाटतो. माझं म्हणणं उलटं आहे. फूल अजून छान टवटवीत दिसत असतं, तेव्हाच, आदल्या दिवशी, त्या मेदाच्या कणांची डोकी छाटली जातात आणि मागे एक आम्ल उरतं. फॉस्फॅटिडिक आम्ल. तोच हुकूम. बस्स झालं, आता मिटा! हा हुकूम अडवता आला तर फूल जास्त दिवस राहील. आई म्हणाली, "अगंबाई! आणि हुकूम सोडतं कोण?" तेच तर शोधतेय ना!

विलेमाइनला आलेख दाखवला. ती माझी मार्गदर्शक, आणि फुलांच्या मेदांवर तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. बराच वेळ बघत राहिली, मग चष्मा काढला. "हे माझ्या भाषणात जाणार," म्हणाली.

ती निवृत्त होतेय. १६ जूनला तिचं निरोपाचं भाषण. काळा झगा घालून, भरल्या सभागृहापुढे. त्यातला शेवटचा भाग माझ्या फुलांचा! आणि त्यानंतर शरदात माझी डॉक्टरेट. घरी येताना वारा तोंडावर होता तरी सायकल कशी चालली कळलंच नाही.

४ एप्रिल

आज तोडणीचा दिवस. असा दिवस आला की आदल्या रात्रीच थाळ्या मांडून ठेवते. क्रम ठरलेला आहे, तो मी कधी मोडत नाही. आधी कळ्या, मग ताजी उमललेली, मग मधली, आणि सगळ्यात शेवटी ती, जी उद्या मान टाकणार. तोडायची, बर्फाच्या थाळीत ठेवायची, अंगण ओलांडून लॅबमध्ये आणायची आणि एकेक गट गरम अल्कोहोलमध्ये टाकायचा. गरम अल्कोहोलने फुलातला सगळा कारभार जागच्या जागी थांबतो. अल्कोहोलच काचघरात नेलं असतं, पण आग लागेल म्हणून तिथे बंदी आहे. एवढी सावधगिरी की माणसाला काम करणं मुश्कील.

मधली फुलं आटोपली आणि बाहेर विलेमाइनचा चमचा वाजला. दहाची कॉफी. ती कपावर चमचा वाजवत सगळ्या बोळातून फिरते, आणि कोणी कामाला चिकटून बसलं असेल तर बाही धरून उठवते. "शोध थांबतो, कॉफी निवते." हे तिचं ठरलेलं. मी शेवटची थाळी बर्फावर झाकून ठेवली आणि गेले. प्रत्येकी एक बिस्कीट, मग डबा बंद. आउकेने दुसऱ्यासाठी हात घातला तर विलेमाइनने त्याच्या बोटांवर झाकण लावलं.

आज तिची कळी खुलली होती. "मी तुझ्याएवढी होते तेव्हा माझ्या कार्नेशनची अशीच थाळी असायची," म्हणाली. तिची कार्नेशनं म्हणजे काय, पाठ्यपुस्तकातली! पाकळी आत वळण्याआधीच पडद्याचा मेद तुटायला लागतो, हे तिने पहिल्यांदा दाखवलं. माझं सगळं त्यावरच उभं आहे. असं तिच्या शेजारी बसून ऐकताना अंगात बारा हत्तींचं बळ येतं.

नव्या दारियोला मात्र कॉफीचं वावडं आहे. तो इटलीतल्या बारीचा. हिवाळ्यात आला. म्हणतो, "तुम्ही पिता ती कॉफी नाही, भांडी विसळल्यावर उरतं ते." खिडकीत उभ्या उभ्या आपल्या भांड्यातला एक घोट घेतो आणि लागतो कामाला. आउके त्याला घुम्या म्हणतो. माणसं बसलीत, चार शब्द बोलावेत, एवढंही कळू नये?

१३ एप्रिल

डोकं फिरलंय. विलेमाइनने दारियोला माझा प्रयोग पुन्हा करायला सांगितला होता. रीतच आहे, दुसऱ्या कुणाच्या हातून करून बघायचा. त्याला आम्ल सापडलं नाही!

"थोडंसं आहे," म्हणतो, "पण सगळ्या वयांत सारखंच. कळीत तेवढंच, म्हाताऱ्या फुलात तेवढंच."

"फुलं नीट निवडलीस का? आदल्या दिवसाची ओळखायला डोळा लागतो."

"खुणेचे दोरे बांधले होते, योरीन."

"मग अल्कोहोल पुरेसं गरम नसेल."

"उकळत होतं."

नाचता येईना अंगण वाकडं! आणि तऱ्हा तर बघा याची. फुलं तोडून आणायची सोडून हा अख्ख्या कुंड्या ढकलगाडीवर घालून लॅबमध्ये आणतो आणि अल्कोहोलच्या वाफा ओढणाऱ्या कपाटासमोर उभा राहून खुडतो. अंगणातून ती गाडी खडखडत नेताना बघितलं की वाटतं, बाळाला फिरवायला निघालाय. मी तसं म्हटलंसुद्धा. आउके खो खो हसला. दारियो नाही हसला.

चार वर्षं मी हात लाल होईपर्यंत बर्फात घातलेत. हा काल आला आणि मला शिकवतो.

२० एप्रिल

आज आउकेचा वाढदिवस. खुर्च्या गोलात, आणि आत शिरणाऱ्याने सगळ्यांशी हात मिळवायचे. आउकेचं अभिनंदन, त्याच्या बायकोचं अभिनंदन, मग माझं, विलेमाइनचं, जणू आम्हीच त्याला जन्म दिला. मलईचा केक होता. विलेमाइनने भाषण केलं, त्यावर आउकेने केलं, मग त्याच्या बायकोने त्याचं लहानपणचं सांगायला घेतलं. मी बसल्या जागी चुळबुळत होते, कारण शेवटची थाळी राहिली होती. दोनदा उठले. विलेमाइनने दोनदा खाली बसवलं. "फुलं बर्फात आहेत ना? मग त्यांना काय धाड भरलीय! माणसाचा वाढदिवस वर्षातून एकदा येतो."

अखेर सुटले आणि धावत जाऊन काम उरकलं.

२१ एप्रिल

देवा! इतकं आम्ल कधीच आलं नव्हतं. आजवरच्या कुठल्याही आलेखापेक्षा जास्त. आउके म्हणाला, "माझ्या वाढदिवसाची भेट समज." मी त्याच्या गळ्यातच पडले. मग सगळ्या बोळातून कागद नाचवत गेले. दारियोच्या टेबलासमोर मुद्दाम थांबले.

त्याने कागद हातात घेतला, नीट बघितला. "एकाच दिवशी इतकं जास्त का?" म्हणाला.

दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालायचं, दुसरं काय. मी कागद काढून घेतला.

६ मे

भाषणाची पुस्तिका छापायला गेली. विलेमाइनने मला मुद्रित दाखवलं. माझं नाव आहे त्यात, तिच्या कार्नेशनच्या पुढच्या पानावर. बोटाने चाचपून बघितलं. याच शोधावरचा आमचा लेखही एका नियतकालिकाने स्वीकारलाय. मग मला स्वस्थ का वाटत नाही? रात्री तीनदा उठते. हात सारखे काहीतरी शोधत असतात.

विलेमाइनकडे दारियोची तक्रार केली. म्हटलं, तो मागे लागलाय, सायकली लावतो तिथेसुद्धा गाठून विचारतो, थाळी कुठली, बर्फ कुठला, लॅबमध्ये आल्यावर आधी काय करतेस. हा माणूस माझं काम खोटं पाडायला बसलाय. विलेमाइन म्हणाली, "अगं, तो फक्त विचारतोय. विचारू दे की."

म्हणजे तीसुद्धा त्याच्या बाजूने. आज घरी येऊन भांडी आपटली.

१९ मे

काल येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, आज मधला शुक्रवार, म्हणजे सगळं गाव समुद्रावर. विलेमाइन झेलांडला बहिणीकडे. विभागात चिटपाखरू नाही. मी मुद्दाम आले. भाषणाआधी एकदा शेवटचं करून बघावं, मनाला शांती.

आणि काय छान झालं काम! कोणी हाक मारत नाही, कोणी बाही ओढत नाही. सगळ्या थाळ्या सपासप उरकल्या, न थांबता. इतक्या लवकर संपलं की उरलेला दिवस काय करावं कळेना. नमुने आउकेच्या यंत्रात लावले आणि कालव्याकाठाने उगाच चालत राहिले.

२२ मे

काहीच नाही.

आम्ल नाही. कळीत जेवढं, तेवढंच म्हाताऱ्या फुलात. सरळ रेघ. आउके म्हणाला, "यंत्र ठीक आहे, मी दोनदा तपासलं." मी त्याच्यावर ओरडले. त्याने टोमणाही न मारता माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. आउके टोमणा मारत नाही म्हणजे खरंच काहीतरी बिघडलंय.

अल्कोहोलची बाटली नवीन होती का? गुरुवारी काचघरात कोणीच नव्हतं, झाडांना पाणी कमी पडलं असेल? ऊन जास्त होतं? बसते, उठते, पुन्हा बसते. पुस्तिका छापून झालीय. लेख पुढच्या महिन्यात निघणार.

२५ मे

आलं! आलं परत! आज नेहमीसारखं सगळं केलं, जुनी बाटली, भरपूर पाणी, आणि आम्ल जसंच्या तसं. शुक्रवारचंच काहीतरी चुकलं होतं. विलेमाइन झेलांडहून उन्हात भाजून आली होती, कॉफीवर बहिणीच्या कुत्र्याच्या गोष्टी सांगून हसवून हसवून मारलं. मी जगात परत आले.

दारियो संध्याकाळी माझ्याजवळ आला. आउकेने त्याला शुक्रवारचं सांगितलं असणार. या आउकेच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

"शुक्रवारी तू काय वेगळं केलंस?"

"काही नाही. सगळं तेच. उलट लवकर आटोपलं."

"लवकर," तो म्हणाला. आणि तिथेच उभा राहिला, जणू मी अजून काही बोलणार आहे. मी बॅग उचलली आणि निघाले.

३० मे

कॉफीवर बसले होते. आउके पेन्टेकोस्टच्या सणाच्या सुट्टीत त्याच्या तंबूत पाणी कसं शिरलं ते सांगत होता. दाराच्या काचेतून पलीकडे लॅबचं टेबल दिसतं. त्यावर माझी थाळी होती. झाकलेली, शेवटची. तिची वाट बघणं चाललं होतं.

कळ्या कधीच थांबत नाहीत. ताजी फुलं थांबत नाहीत. थांबतात ती फक्त शेवटची. दर वेळी. चार वर्षं. आणि वाढदिवसाला सगळ्यात जास्त थांबली.

कप हातातून कसा सुटला कळलं नाही. विलेमाइनच्या स्कर्टवर सगळी कॉफी. "अगं, भाजलं का तुला?" म्हणत तीच मला पुसायला लागली. मी म्हटलं, पोट दुखतंय, आणि घरी आले.

खुडलेलं फूल म्हणजे जखमी फूल. जखम झाली की पडद्यातलं एक विकर पात्यासारखं चालतं आणि मेदाची डोकी छाटतं, हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवलंय! बर्फाने ते थांबत नाही. उलट थंडीने आणखी चेकाळतं. म्हणून तर गरम अल्कोहोल. म्हणून तर दारियोची गाडी. तो कुंडीवरून खुडतो आणि थेट भांड्यात टाकतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी वेडी आहे. मी आंधळी आहे.

पण कदाचित नसेलही तसं. उद्या बघते.

३१ मे

ताजी, कालच उमललेली फुलं घेतली, जी अजून कितीतरी दिवस जगली असती. बर्फावर ठेवली आणि कॉफीला गेले. बिस्कीट तोंडात फिरत राहिलं.

आउकेने दुपारी कागद दिला. "अभिनंदन, आता पोरींनाही म्हातारपण आलं," म्हणाला. त्याला काही माहीत नाही.

आम्ल आभाळाला टेकलंय. हुकूम नाही, बिकूम नाही. फुलाने काहीच सांगितलं नव्हतं. मीच त्याला कापून ताटकळत ठेवलं होतं.

२ जून

सांगितलं.

विलेमाइनच्या खोलीत खोकी पसरलेली, ती कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "वेळ आहे?" विचारलं. "नाही म्हटलं तरी तू बसणारच आहेस," म्हणाली. मी बसले नाही. उभ्या उभ्या, एका दमात सगळं ओकून टाकलं.

"ताज्या फुलांतसुद्धा?" एवढंच विचारलं.

"हो. जास्तच."

"आणि कुंडीवरून थेट टाकलं तर?"

"काही नाही. दारियोला आलं तसंच."

"म्हणजे तो बरोबर होता. त्याला सांगितलंस?"

"नाही."

"आधी त्याला सांग. मला नंतर सांगितलं असतंस तरी चाललं असतं." मग म्हणाली, "लेख मागे घ्यावा लागेल. तुझं वर्ष गेलं गं."

मग मात्र मला आवरलं नाही. तिने कप गुंडाळायचा कागद पुढे केला, त्यानेच नाक पुसलं. ती म्हणाली, "आणि ते साखरवाले मेद? स्त्रीकेसरातले?" तो माझ्या प्रबंधाचा छोटा भाग आहे. पानांच्या हिरव्या भागात असणारे मेद फुलाच्या अगदी पोटात का भरून राहतात, त्याचा. म्हटलं, ते टिकलंय, बर्फाने त्यांना काही होत नाही, तपासलं. "मग सगळं नाही गेलं," म्हणाली.

मी म्हटलं, "पण तुझं भाषण? पुस्तिका छापून झालीय."

"ते मी बघते."

ती पुन्हा कप गुंडाळायला लागली आणि मधेच थांबली. हात तसेच कपावर. मग म्हणाली, "आम्हीसुद्धा बर्फावरच ठेवायचो."

मला पटकन कळलंच नाही. "आम्ही कोण?"

"मी. माझी कार्नेशनं. आणि हा चमचा वाजवायला मी कुणाकडून शिकले असेन? माझ्या गुरूंकडून. ते तर कॉफीसाठी माझ्या हातातला चिमटाच हिसकावून घ्यायचे."

"पण तुझं खरं असेल. कदाचित तू आधी म्हातारी फुलं घेत असशील, कदाचित..."

"कदाचितवर झगा घालून उभी राहू मी?" तिचा आवाज चढला. असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "कार्नेशन आण. कुंडीतली. दोघं मिळून करा, तू आणि दारियो."

८ जून

दारियोला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आता हा टाळ्या पिटेल. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, पण कसं बोलायचं कळेना. तुम्ही सगळे त्या कॉफीवर इतके खुश असता." मग म्हणाला, "आणि मला वाटलं, मी बाहेरचा आहे म्हणून मलाच काहीतरी कळत नाही." लाजेने माझी मान वर होईना. बाळाची गाडी म्हटलं होतं ना मी!

गावाबाहेरच्या एका उत्पादकाकडून कार्नेशनच्या कुंड्या आणल्या. दारियोची ती गाडी मी ढकलली. अर्धी फुलं कुंडीवरून थेट अल्कोहोलमध्ये, अर्धी बर्फावर, विलेमाइनच्या जुन्या पद्धतीने. ती रोज दारापर्यंत येते, आत येत नाही. दोन दिवस झाले, चमचा वाजला नाही. आउके मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय केलंस तू तिला?" मी म्हटलं, काही नाही. काय सांगू?

देवा, कार्नेशनचं तरी खरं निघू दे. माझं गेलं तर गेलं, मी पुन्हा करीन. तिच्याकडे पुन्हा करायला काय आहे?

१४ जून

नाही निघालं.

कुंडीवरून थेट टाकलेल्यांत मेद पाकळी वळेपर्यंत जसाच्या तसा. वळल्यानंतर तुटतो, आधी नाही. बर्फावरच्यांत मात्र हुबेहूब पाठ्यपुस्तकातला आलेख. तिचा आलेख. दारियोने कागद माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "तू सांग. तुझं ऐकेल ती."

दारातच सांगितलं. तिने कागद घेतला नाही. वाचायची गरज नव्हती, माझा चेहराच सांगत होता.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"दारियोला. आउकेने आकडे बघितलेत, पण कशाचे ते त्याला माहीत नाही."

"ठीक आहे," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. त्यानेच जास्त लागलं.

तिने हे का विचारलं?

१६ जून, सकाळ

इस्त्री केली, पुन्हा केली. तीन वेळा कपडे बदलले. ती काल दिसली नाही, फोन नाही.

समजा ती काही बोलली नाही. समजा पुस्तिकेत आहे तेच वाचलं. तिचा एक दिवस. तिच्या सगळ्या आयुष्याचा एक दिवस, माणसं डेन्मार्कहून आलीत. मी कोण तिथे उठून बोलणारी? नंतर कधीतरी, कुठल्यातरी लेखात, हळूच... ती गप्प बसली तर मीही गप्प बसणार. ठरलं. दारियोलाही तेच सांगीन. आता तरी जिवाला स्वस्थता यायला हवी होती, पण नाही येत.

१६ जून, संध्याकाळ

पुढे मानाचा दंड घेतलेला शिपाई, मागे झगे घातलेले प्राध्यापक, आणि सगळ्यात शेवटी ती. झगा तिला मोठा होता, की ती बारीक झाली होती कोण जाणे. सुरुवातीला लहानपणच्या गोष्टी, आईच्या फुलांच्या गोष्टी, लोक खुश. मी पुस्तिकेत बोट घालून बसले होते. कार्नेशनचं पान जवळ येत होतं. आलं. तिने पुस्तिका मिटली.

"माझ्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या शोधाचं हे पान," म्हणाली. "वाचू नका, ते चूक आहे. तीस वर्षं मला वाटत होतं की मी फुलाचं म्हातारपण मोजतेय. मी माझी कॉफीची सुट्टी मोजत होते."

सभागृह हसून हसून कोसळलं. आउकेचा आवाज सगळ्यात वर. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तिचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे ना, तिचा चमचा, तिचा डबा. पहिल्या रांगेतला एक म्हातारा प्राध्यापक डोळे पुसत होता. तिने हसणं संपेपर्यंत वाट बघितली. दोन्ही हात टेबलावर.

"मी विनोद करत नाहीये," म्हणाली, आणि तीच वाक्यं पुन्हा उच्चारली, एकेक शब्द.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने रुमाल खिशात ठेवला. मग तिने सगळं समजावलं. खुडलेलं फूल, जखम, बर्फ, पडदा कसा स्वतःलाच तोडतो. म्हणाली, "चूक मी शिकवली. पकडली योरीनने आणि दारियोने." दारियोने मान खाली घातली. आउके माझ्याकडे वळून बघत होता, तोंड उघडं. शेवटी टाळ्या झाल्या. लोक उभेही राहिले. मनापासून, की भाषण संपलं म्हणून, मला सांगता येणार नाही.

नंतर खाली मोठ्या दालनात हात मिळवायची रांग. कोणाला काय बोलावं सुचत नव्हतं. "अभिनंदन," म्हणत होते आणि पटकन पुढे सरकत होते. मी शेवटाजवळ उभी राहिले. काय बोलायचं ते मनात घोकत होते. माझी पाळी आली.

तिने माझा हात धरला. जवळ ओढून, हळू आवाजात विचारलं, "खरं सांग योरीन. मी आज काही बोलले नसते, तर तू बोलली असतीस?"

मागे माणसं खोळंबली होती. तिचे डोळे लाल होते, पण नजर तीच, आलेख तपासतानाची. हो म्हणायला किती सोपं होतं. तिलाही तेच ऐकायला आवडलं असतं.

"नाही," म्हटलं मी. "सकाळीच ठरवलं होतं. नसते बोलले."

तिने माझ्या हाताच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"मग मीच बोलले ते बरं झालं," म्हणाली, आणि माझ्या मागच्या माणसापुढे हात केला.